खटका

संगणक सुरू केला की आधी पंखे घरघरतात, मग पडदा उजळतो आणि दोनचार क्षणांनी कॅबिनेटच्या पोटातून एक कोरडा आवाज येतो: टिक्. वाड्यात शिरण्याआधी जुने लोक खाकरायचे, तसा. म्हणजे आमच्या साउंड कार्डाची स्वारी उठली.

ही टिक् एका इवल्याशा रिलेची. वीज आल्या आल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगात थोडी धडधड असते. ती हेडफोनवर आदळू नये म्हणून रिले वाट अडवून उभा राहतो आणि आतली आवराआवर झाली की दार उघडतो. तोवर पाहुण्यांनी ओसरीवर बसायचं.

कार्डाचं नाव भारदस्त आहे: असूस झोनार इसेन्स एसटीएक्स. जन्म २००९ च्या सुमाराचा, म्हणजे साउंड कार्डांच्या घराण्यात उशिराचाच. घराण्याचं नाव गाजवलं ते सिंगापूरच्या क्रिएटिव्हच्या साउंड ब्लास्टरने, १९८९ मध्ये. खेळातल्या बंदुका ऐकू याव्यात म्हणून तेव्हा लोक कार्डाचा आयआरक्यू क्रमांक ५ ठेवायचा की ७, यावर रात्री घालवत. पुढे आवाजाची चिप मदरबोर्डावरच येऊ लागली, भाजीवर कोथिंबीर मिळावी तशी, आणि वेगळं कार्ड घेणं हा हौशी लोकांचा उद्योग ठरला. मीही बरीच वर्षं कोथिंबिरीवरच भागवलं. पण रात्री हेडफोन लावून माउस हलवला की कानात कुणी कागद कुरतडल्यासारखं किरकिरायचं. माउस थांबला की किरकिर थांबे. यमन चालू असताना माउसला हात लावायचा नाही, असा घरात माझ्यापुरता नियम होता.

हे कार्ड बंगळुरूच्या एस. पी. रोडवर जुन्या मालात मिळालं. दुकानदाराने कन्नड, हिंदी आणि तमिळ अशा तीन भाषांत त्याची तारीफ केली. मला पटलं ते त्याचं वजन, आणि निम्म्या अंगावरचं धातूचं झाकण. शेजारच्या चिपांची विजेची कुजबुज आत येऊ नये म्हणून ते असतं. सोवळ्यातला प्राणी आहे हे मी तिथेच ओळखायला हवं होतं.

घरी आल्यावर अटी कळल्या. ग्राफिक्स कार्डाला खेटून बसणार नाही, लांबची खाच हवी. मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या विजेवर भागत नाही, थेट पॉवर सप्लायमधून वेगळी चार पिनांची तार हवी, पूर्वी हार्डडिस्कला लागायची ती. ती जोडायला मी विसरलो. संगणक सुरू झाल्यावर पडद्यावर सूचना आली: बंद करा, तार जोडा. पहिल्या पंगतीतच यजमानाला पाणी वाढायची आठवण करून देणारा पाहुणा! पुन्हा कॅबिनेट उघडलं, बॅटरी दातांत धरली, आणि केबलांच्या गुंत्यातून ती तार ओढून काढली.

मग सॉफ्टवेअर. कुठलाही आवाज सभागृहात घुमल्यासारखा करणाऱ्या सगळ्या खुणा मी काढून टाकल्या. बाहेर जाण्याचा मार्ग ‘हेडफोन’ निवडला. राहिला गेन, म्हणजे आवाज किती जोराने ढकलायचा ते. तिथे तीन पायऱ्या आहेत: ६४ ओहमच्या आत, ६४ ते ३००, आणि ३०० ते ६००. माझा सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा, त्याला हलवायला मनगटात जोर लागतो. म्हणून सर्वांत वरची पायरी दिली. दुसऱ्या दिवशी मुलीने आपले सोळा ओहमचे इयरफोन जाड्या जॅकला अडॅप्टर लावून खुपसले आणि गाणं सुरू करताच किंचाळून कानातून उपटले. चूक कार्डाची नव्हती. त्याला सांगितलं तेवढा जोर त्याने लावला. तेव्हापासून ती त्याला ‘तुमचा तो पहिलवान’ म्हणते.

पहिलवान म्हणावा असा मात्र तो नाही. मोठ्याने बोलणं हा त्याचा गुणच नव्हे. कंपनी त्याची शांतता १२४ डेसिबल सांगते, हेडफोनच्या तोंडाशी ११७. सीडीची मजल जेमतेम ९६ ची. म्हणजे माझ्याकडच्या गाण्यांना लागेल त्याहून कितीतरी जास्त गप्प बसण्याची तयारी करून स्वारी आलेली. हौशी लोक त्याच्या ऑप-अँप चिपा उपटून दुसऱ्या बसवतात, त्यासाठी सॉकेटही दिलेत. मी त्या वाटेला गेलो नाही. शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास ओळखून मसाला बदलण्याइतकं माझं नाक तीक्ष्ण नाही.

आणि एवढी शांतता आणून ठेवायची कुठे, तर बसवनगुडीत! पहाटे कोकिळा, मग मिक्सर, मग गांधी बाजारच्या फुलवाल्या. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिशे भरते, तेव्हा रस्त्यावर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग आणि पोरांच्या तोंडात पिपाण्या. एचडी ६०० पाठीने उघडा हेडफोन आहे, बाहेरचं सगळं आत घेतो. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तानेत पिपाणी घुसते. घरमालक अज्जांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘अहो सार, मन्सूर धारवाडचे, त्यांना जत्रेचं काय!’

परवा सांगलीहून आणलेली १९८६ ची कॅसेट कार्डाच्या लाइन-इनला जोडून उतरवून घेतली. घरगुती बैठक, गाणारे आमचे एक नातेवाईक. फितीची खरखर कार्डाने जशीच्या तशी घेतली, मवाळ करून दिली नाही. रात्री ऐकायला बसलो. तंबोऱ्याच्या मागे छताचा पंखा प्रत्येक फेऱ्याला किंचित अडत होता. कुणीतरी कपात चमचा ढवळला. भीमपलासीचा आलाप मंद्रात उतरत असताना कुकरची शिट्टी झाली, आणि लगेच दुसरी.

बायको निजलेली. वरण करपणार, म्हणून हेडफोन गळ्यात तसाच ठेवून मी घाईने उठलो, दोरी ताणून प्लग निसटला, आणि स्वयंपाकघरात पोचलो. दिवा लावला. ओटा पुसून कोरडा होता. कुकर धुऊन पालथा घातलेला.