भायखळ्याच्या फुटपाथवरून केपटाऊनला

परदेश दौरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मंत्री येतात, साहेब येतात, फार तर खेळाडू येतात. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या कष्टकरी बायका दक्षिण आफ्रिकेत शिकवायला आणि शिकायला गेल्या, ही हकिकत मात्र आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. त्यांची तयारी कशी झाली, हे बचत गट आणि महिला मंडळ चालविणाऱ्या प्रत्येक भगिनीने समजून घ्यावे असे आहे.

भायखळा स्टेशनवर उतरून नागपाड्याच्या दिशेने गेले की सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड, झुला मैदान असा भाग लागतो. १९८० नंतरच्या त्या दशकात इथल्या फुटपाथवर ओळीने झोपड्या होत्या. पाठीमागे भिंत, पुढे रहदारी. महापालिकेची गाडी आली की भांडीकुंडी आवरायची, गाडी गेली की पुन्हा ताडपत्री बांधायची. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याची मुभाही महापालिकेला दिली. डोक्यावरची टांगती तलवार तशीच राहिली.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने फुटपाथवासीयांना बरोबर घेऊन मोजणी केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबे, सत्तावीस हजारांच्या घरात माणसे, असा हिशेब निघाला. सरकारी कागदावर जी माणसे नव्हती, त्यांची संख्या आता त्यांच्याच हाती आली. १९८६ मध्ये महिला मिलन उभे राहिले. जोकिन अर्पुतम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन सोबतीला होती. बायका रोज थोडी थोडी बचत करू लागल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या भगिनींनी रकमेची खूण म्हणून रंगीत कागदाचे तुकडे वापरले. रेशनकार्डासाठी कचेरीत जाऊन बोलायला त्या शिकल्या. पुढे त्यांनी आपल्या मनातले घर कापड आणि लाकूड वापरून खऱ्या मापात उभे केले. चौदा फूट उंचीची खोली आणि आत पोटमाळा! तो नमुना पाहायला वस्तीतले लोक आले, तसेच अधिकारीही आले.

हीच त्यांची परदेश दौऱ्याची तयारी होती. आधी एका वस्तीच्या बायका दुसऱ्या वस्तीत गेल्या, मग दुसऱ्या शहरांत, आणि त्यानंतर देशाबाहेर. प्रवास एकट्या पुढारी बाईने करायचा नाही, गटाने करायचा. जुन्या अनुभवी बाईबरोबर नवी बाई न्यायची, म्हणजे शिकलेले एकाच डोक्यात अडकून राहत नाही.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट अखेरच्या घटका मोजत होती. १९९१ साली ब्रोडरस्ट्रूम येथे तिथल्या झोपडीवासीयांची परिषद भरली, तिला जोकिन अर्पुतम हजर होते. मतदानाचा हक्क मिळाला म्हणून डोक्यावर छप्पर आपोआप येत नाही, हा भारतातला अनुभव तिथल्या लोकांच्या कामाचा होता. त्यानंतर येणे-जाणे सुरू झाले. तिथल्या भगिनी मुंबईत आल्या, इथल्या तिकडे गेल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती; पण बचतीचा हिशेब कसा ठेवायचा, घरे कशी मोजायची, नमुन्याचे घर कसे उभारायचे, हे हाताने करून दाखविता येत होते.

केपटाऊनजवळ फिलिपी नावाचा वाळूचा सपाट प्रदेश आहे. तिथल्या बायकांनी बचत गट बांधला, जमीन मिळविली आणि स्वतः खपून घरे बांधली. कंत्राटदार सरकारी अनुदानात जी घरे देत होते, त्यांपेक्षा ही घरे मोठी झाली. १९८५ मध्ये हत्या झालेल्या वकील व्हिक्टोरिया म्क्सेंगे यांचे नाव त्या वसाहतीला दिलेले आहे.

१९९६ मध्ये अनेक देशांतील अशा संघटनांनी मिळून स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल स्थापन केली. जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातच या बायकांनी खऱ्या मापाचे घर आणि मुलांच्या संडासाचा नमुना मांडला. सरचिटणीस कोफी अन्नान तो पाहायला आले. मुंबईच्या रस्त्यावर अधिकाऱ्यांना जे दाखविले होते, तेच तिथे जगाला दाखविले. इकडे यांतल्या काही कुटुंबांना मानखुर्दच्या मिलन नगरमध्ये हक्काची घरे मिळाली. पण त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

भगिनींनो, आपल्या गटातून उद्या कुणाला दिल्लीला, कोलंबोला किंवा आणखी दूर जाण्याची संधी आली, तर साडी आणि भाषण यांच्या आधी चार गोष्टी तयार ठेवा. आपल्या वस्तीची मोजणी आपल्याला तोंडपाठ हवी. गटाचा हिशेब कुणालाही उघडून दाखविता यावा. जे काम आपण करतो, ते हाताने करून दाखविण्याचा सराव हवा. आणि तिथे काय विचारायचे, त्या प्रश्नांची यादी सगळ्यांनी बसून करावी. पासपोर्टचे कागद वेळेवर जमवा. पत्त्याच्या पुराव्यापाशीच आपली माणसे अडतात. परत आल्यावर पहिली बैठक वस्तीत घ्या. तिथे काय पाहिले ते सांगा, आणि पुढच्या वेळी कोण जाणार, तिचे नाव त्याच बैठकीत ठरवा.