पंप सगळ्यात शेवटी

आंबा घाटाच्या पायथ्याशी गॅरेज असलं की गाड्यांची दुखणीही हंगाम धरून येतात. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालेली जुनी पिकअप हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्यापर्यंत मुकाट येते आणि घाट लागला की मान टाकते. सपाटीला इंजिनाचं थोडक्यात भागतं. भरल्या गाडीनं चढ चढायचा तर डिझेल भरपूर लागतं. वाटेत कुठं काही अडलेलं असेल तर ते घाटातच उघडं पडतं.

ड्रायव्हरचं निदान तयारच असतं. “मेस्त्री, घाटात वडंना झालीया. पंपच गेला म्हणायचा.”

“बंद पडली, मग परत चालू कधी झाली?”

“धा-पंधरा मिंटांनी. बिडी वडली, सेल मारला, झाली की चालू. जरा वर गेलो तर परत त्येच.”

एवढ्यावर माझं अर्धं काम झालेलं असतं. थोडं थांबल्यावर बरी होणारी गाडी म्हणजे बहुतेक वेळा टाकीतल्या जाळीची भानगड. टाकीच्या तळाशी, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाळी असते. टाकीतला कचरा ओढीबरोबर येऊन तिच्यावर बसतो, वाट बुजते, इंजिनाला डिझेल पुरत नाही. गाडी बंद झाली की ओढ संपते, कचरा सुटून खाली जातो आणि बिडी विझेपर्यंत वाट मोकळी होते. अशाच एका गाडीची टाकी उतरवली, तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा. टाकीचं टोपण कधीच हरवलेलं, त्याच्या जागी पिशवी नि वर रबर. पिशवी घासून फाटली आणि तुकडा आत गेला. टोपण नुसतं डिझेल सांडू नये म्हणून नसतं. डिझेल कमी होत जाईल तशी टाकीत हवा आत यायला हवी, आणि पुष्कळ गाड्यांत ती वाट टोपणातच केलेली असते. ती चिखलानं बुजली तरी गाडी अशीच मरते. टोपण काढल्यावर फुस्स आवाज आला आणि गाडी पळायला लागली, तर पुढं काही शोधायचं नाही.

थांबल्यावर बरा होणारा पंपही असतो, हे खरं आहे. झिजलेल्या रोटरी पंपात तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला हवं तेवढं प्रेशर मिळत नाही. गरम गाडी बंद केली की ती सेल खात बसते, आणि पंपावर ओलं फडकं टाकून गार केला की चालू होते. पण असा पंप मुख्यतः सेल मारताना नडतो. चालती गाडी चढावर हळूहळू गळाठत गेली, तर पंपाकडे पहिल्यांदा बोट दाखवू नये.

पंपाबद्दल लोकांना धाक असतो तो त्याच्या किमतीमुळे, आणि आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं म्हणून. जुने ड्रायव्हर अजून ‘मायको पंप’ म्हणतात. 1951 मध्ये निघालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं हे लघुरूप. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण आमच्या गॅरेजात अजून मायकोच चालतं. लाइन पंपातला प्लंजर नि त्याचा बॅरल जोडीनं घासून बसवलेले असतात. मधली फट 2 ते 4 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलात चालत नाही. असं यंत्र रस्त्याकडेला वाऱ्याधुळीत उघडणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. ते टेस्ट बेंचवाल्याचं काम, आणि त्याच्याकडे जायचं ते टाकीपासून फिल्टरपर्यंत सगळं तपासून झाल्यावरच. मागची घाण तशीच ठेवून दुरुस्त केलेला पंप बसवला, तर तोही तीच घाण पिणार.

डिझेलच्या वाटेवरचा खरा चोर बहुतेक वेळा हवा असते. पिकअपची टाकी चासीला खाली टांगलेली, इंजिन वर, त्यामुळे डिझेल ओढून घ्यावं लागतं. या ओढीच्या बाजूला पाइपाला चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही म्हणून मालक म्हणतो, लिकेज नाही. नोझल 200 किलोच्या वर प्रेशर आलं की उघडतो. पंपानं डिझेल दाबलं की ते जवळजवळ दबत नाही, म्हणून तो जोर थेट नोझलपर्यंत पोचतो. मधे हवेचा बुडबुडा आला की पंपाचा सगळा दाब तो बुडबुडा चेपण्यात जातो आणि नोझल जागचा हलत नाही. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, त्यालाही पुष्कळदा हीच हवा कारणीभूत असते. रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरून गेलेलं असतं.

हवा शोधायला मी फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक नळी लावतो. इंजिन चालू केलं की डिझेल डोळ्यांना दिसतं. बुडबुड्यांची माळ आली की मागं-मागं जायचं. फिल्टरचा ओ-रिंग, बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर, रबरी पाइपाच्या क्लिपा. वायसर चहाच्या पैशात येतो, पण नवा न टाकता जुनाच आवळून बसवण्याची सवय सगळीकडे आहे. तरीही बुडबुडे राहिले, तर डिझेलचा कॅन टपावर ठेवून पाइप थेट त्यात सोडायचा. गाडी नीट चालली, तर दोष टाकीत किंवा टाकीपासूनच्या पाइपात.

अशीच एक मासळीची पिकअप आली होती. टाकी फुल असताना मस्त पळायची, निम्म्याच्या खाली गेली की धक्के. मालकाला कुणी दोनदा डिझेलचा काटा बदलून दिलेला, शिवाय फिल्टर, शिवाय नोझल. आता तो रोज सकाळी टाकी फुल करून वेळ मारून नेत होता. टाकीतली ओढीची नळी बाहेर काढून बादलीभर पाण्यात बुडवली, एक तोंड अंगठ्यानं बंद केलं आणि दुसरीकडून फुंकर मारली. नळीच्या मधोमध बारीक बुडबुडे. खाऱ्या हवेनं आणि टाकीत साचलेल्या पाण्यानं तिथं गंजून टाचणीएवढं भोक पडलं होतं. डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत काही कळत नव्हतं, खाली उतरलं की नळी हवा प्यायची. नवी नळी टाकली आणि मालकाला काटा बदलणाऱ्याकडे पैसे परत मागायला सांगितलं. मागितले की नाही, माहीत नाही.

एअर काढणं हे मला या धंद्यातलं सगळ्यात आवडतं काम आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचा. आधी नुसतीच हवा, मग पांढरा फेस, मग फेसातून थुंकल्यासारखं डिझेल, आणि एकदम काचेसारखी सलग धार. हातालाही कळतं, कारण पोकळ चालणारा हातपंप तेव्हा जड होतो. हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग पंपाकडचा. तरीही गाडी बोलली नाही तर नोझलच्या पाइपांचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करून सेल मारायचा. सेल दहा-पंधरा सेकंदांच्या वर धरू नये, स्टार्टर जळतो. नटाखाली डिझेल उडायला लागलं की एकेक आवळत जायचं. चौथा आवळण्याआधीच इंजिन पकडतं, आणि तेव्हा गॅरेजातला पोरगा हमखास हसतो.

पावसाळ्यात डिझेलातलं पाणी काढायला फिल्टरच्या तळाचा नट आठवड्याला सोडावा. बोटींसाठी पिंपात साठवलेलं डिझेल पिकअपला घालणाऱ्यांनी तर रोज.

एक विनंती. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या कॉमन रेलच्या आहेत. तिथं प्रेशर 1,600 किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. वर सांगितलेला नट सैल करायचा प्रकार त्या गाडीवर अजिबात करू नका. जुन्या गाडीच्याही नोझलच्या धारेसमोर बोट नेऊ नका. ती धार कातडी फोडून आत जाते, वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि उशीर झाला तर बोट काढावं लागतं. तसं झालं तर हळद लावून कामाला लागू नका. थेट सिव्हिल हॉस्पिटलला जा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, डिझेल प्रेशरनं आत गेलंय.