प्रतिवात

१९८२ सालच्या नोव्हेंबरांत दिल्लीस नववे आशियाई सामने भरले, तेव्हां साऱ्या देशाचें लक्ष राजधानीकडे लागलें होतें. रंगीत दूरदर्शन, अप्पू नांवाचा हत्ती, नवीं क्रीडागृहें, यांचीच चर्चा घरोघर चाले. दिल्लीस यमुना आहे, समुद्र नाहीं. म्हणून शिडाच्या नौकांच्या शर्यती तेवढ्या मुंबईस ठेविल्या होत्या. ही गोष्ट मुंबईकरांपैकीं किती जणांस ठाऊक होती, कोण जाणे! आम्हांस तरी नव्हती.

आम्ही तेव्हां चोवीस वर्षांचे असून मुंबईंतील एका शाळेंत भूगोल व संस्कृत शिकवीत होतों. दिवाळीच्या सुटीपूर्वीं खारे वारे व मतलई वारे यांचा धडा चालू असतां आम्हीं ठासून सांगितलें कीं, शिडाचें गलबत वारा नेईल तिकडेच जाणार. एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, "पण गुरुजी, माझा आजा वाऱ्याच्या समोर जायचा." वर्ग हंसला. आम्हीं त्यास तास संपेपर्यंत उभें केलें.

पुढें सुटींत गांवाहून मामा आले. त्यांस घारापुरीचीं लेणीं दाखवावीं म्हणून अपोलो बंदरावरून आम्ही लाँचमध्यें बसलों. त्रिमूर्तीचें वर्णन वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. तें येथें करीत नाहीं. परततांना दुपार कलली होती. सकाळचा मतलई वारा पडून वायव्येकडून खारा वारा सुटला होता, म्हणजे आमचा धडा शब्दशः खरा ठरला होता! इतक्यांत दक्षिणेस, नांगरलेल्या जहाजांच्या पलीकडे, पांढऱ्या शिडांचा एक थवा दिसला. आणि तो थवा वारा जिकडून येत होता तिकडेच चालला होता.

लाँचवरच्या म्हाताऱ्या तांडेलास आम्हीं विचारलें. "शर्यत लागलीय," एवढें सांगून त्यानें हाताचा पंजा उभा धरला व तो तिरपा करून दाखविला. वाऱ्याच्या थेट तोंडावर जाणें कोणासही साधत नाहीं. नौका वाऱ्याशीं सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन करून तिरपी जाते. पोटाखालीं खोंचलेली फळी तिला आडवी वाहूं देत नाहीं. कांहीं अंतर गेल्यावर ती वळते व दुसऱ्या अंगानें तिरपी जाते. अनुवात व प्रतिवात हे शब्द आम्हीं मुलांकडून कितीदां तरी घोकून घेतले होते. शर्यतीचा पहिला टप्पा मुद्दाम प्रतिवात ठेवितात, हें मागाहून कळलें.

कांहीं नौकांत दोघे होते. एक सुकाणूवर, व दुसरा डोलकाठीच्या तारेस लोंबून सारें अंग पाण्यावर बाहेर झोंकून दिलेला. "अरे, हा पडणार!" मामा ओरडले. तो पडला नाहीं. अशाच दोघांच्या नौकांचा 'फायरबॉल' हा एक प्रकार आहे. पीटर मिल्न या इंग्रज गृहस्थानें १९६२ सालीं तिचा आराखडा केला; लांबी पांच मीटरांहून किंचित कमी. या वर्गांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं मुंबईच्या पाण्यावर भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें.

एक नौका मात्र मोठ्या डौलानें चालली असूनही मागें मागें पडत होती. तिचें कारण विचारावें तों बंदर आलें.

सुटी संपून शाळा भरली. आम्हीं त्या मुलास पुढें बोलाविलें. चूक आमची होती, हें वर्गासमक्ष सांगतांना घसा कोरडा पडला. फळ्यावर वाऱ्याचा बाण काढून नौकेची वाट काढण्यास आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें नागमोडी रेघ काढली. मग आम्हीं त्या मागें पडलेल्या नौकेविषयीं विचारलें.

"ओहोटी होती काय, गुरुजी?"

आम्हांस तें आठवेना. त्यानें खडू खालीं ठेविला नाहीं. वाऱ्याच्या बाणाखालीं तो पाण्याचे बाण काढूं लागला. मध्यें खोल पाण्यांत लांब लांब, आणि किनाऱ्यालगत अगदीं आंखूड.