घसरगुंडीच्या पश्चिमेला

वऱ्हाडात बगिच्यात जायची वेळ घड्याळ ठरवत नाही, ऊन ठरवतं. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत आमचं नाव छापून येतं. आमच्याकडं त्या दिवशी कुलरच्या टाकीत दोन बादल्या जास्त पडतात, एवढंच. मेच्या चौथ्या आठवड्यात तर सूर्य अकोला-अमरावतीच्या बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी विजेच्या खांबालाही सावली उरत नाही. सहाला बाहेर पडावं तर भिंतींमधून धग येत असते. साडेसात-आठ होतात, दिवे लागतात, आणि मग पोट्टेपाट्टे, बायका, म्हातारी माणसं घराबाहेर निघतात. बगिच्याचा आमचा दिवस तिथून सुरू होतो.

या विषयातला माझा सगळा अभ्यास घसरगुंड्यांवरचा आहे. पहिली पाहिली ती सिमेंटची. सत्तरचं दशक, अकोल्यातला आमच्या घराजवळचा बगीचा. पायऱ्या उंच, कठडे जाड, आणि घसरायची जागा पोरापोरींच्या चड्ड्यांनी घासून गुळगुळीत झालेली. कोणीतरी घरून मेणबत्तीचा तुकडा चोरून आणायचं. वरून खालपर्यंत मेण घासलं की पुढची पोरं रेतीच्याही पलीकडं जाऊन पडायची. ती रेती मोर्णा नदीची. ओंजळीत घेतली की तिच्यात बारीक शंख सापडायचे. चड्डीला ठिगळ लावताना आई बगिच्याच्या नावानं बोटं मोडायची, पण संध्याकाळी "जा, खेळून ये" असंही तीच म्हणायची.

त्या घसरगुंडीचं खरं वैभव तिच्या पश्चिमेला होतं. तिथं एक जुना कडुनिंब होता. दुपारनंतर त्याची सावली सरकत सरकत घसरगुंडीवर यायची आणि आम्ही पोचेपर्यंत सिमेंट निवलेलं असायचं. कुण्या माळ्यानं विचार करून लावला की आपोआप उगवला, देव जाणे. पुण्याकडं सूरपारंब्या खेळायला वड लागतो. आमची डाबडुबली निंबावर भागायची. मुली झाडावर चढायच्या आणि कोणी काही म्हणायचं नाही. बगिच्याला माळी होता, चौकीदार नव्हता. माळी ओरडायचा तो फुलं तोडली तर.

पुढं शिकायला अमरावतीला आले. तिथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर संध्याकाळी नुसतं उभं राहिलं तरी खूप शिकायला मिळायचं. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या या आखाड्याच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्यात कबड्डीही होती. गावातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही. मला मात्र तिथं सगळ्यात जास्त नवल वाटलं ते मातीची राखण पाहून. वऱ्हाडची काळी माती कापसाला जितकी चांगली तितकीच खेळाला वाईट. उन्हाळ्यात तिला पाय मुरगळेल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपलेला किलोकिलोनं चिकटते. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यात रोवलेला झुल्याचा खांब दोन-तीन पावसाळ्यांत तिरपा होतो. तिच्यावर खेळायचं असेल तर आधी ती हातभर काढून टाकायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मस करायचं. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून बहुधा ते होतच नाही.

अमरावतीत मन रमवायचं तर छत्री तलाव आणि वडाळी तलाव. गावात गिला वडा खायचा आणि सायकली तिकडं वळवायच्या. हे तलाव एकोणिसाव्या शतकात गावाच्या पाण्यासाठी बांधलेले. पुढं अप्पर वर्धा धरणाचं पाणी शहराला मिळालं आणि तलावांकडं फिरणं, विसर्जन, बगीचा एवढीच कामं राहिली. मागं पोहऱ्याचं जंगल, त्यामुळं अधूनमधून बिबट्याची बातमी. तरी लोक जातातच. पाण्यावरून येणारा वारा वऱ्हाडात फुकट मिळतो तो अशाच दोन-चार ठिकाणी.

लग्नानंतर पुन्हा अकोल्याला आले तेव्हा घसरगुंडी पत्र्याची झाली होती. माझ्या मुलानं मे महिन्यात साडेपाचला तिच्यावर बूड टेकवलं आणि किंचाळत उठला. पत्रा तव्यासारखा तापलेला. कडुनिंब तेव्हा जागेवर नव्हता. रस्ता रुंद झाला, भिंत आत सरकली, झाड गेलं. त्यानंतर आम्ही जेवून, रात्री नऊच्या सुमारास जायला लागलो. तेव्हा फाटकावरचे मामा किल्ल्या वाजवत यायचे. "चाला बाई, टाइम झाला. कुलूप लावाचं हाय." मी म्हणायची, "मामा, आत्ता कुठं थंड झालं." ते म्हणायचे, "मले काय सांगता? वरून हुकूम हाय." त्यांचंही खरंच होतं.

आता नातवाबरोबर जाते. बगिच्याचं सौंदर्यीकरण झालं आहे. सगळीकडं गट्टू बसवले आहेत, फाटकाशी फोटो काढायला मोठाली रंगीत अक्षरं आहेत, मधे कारंजं आहे. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं पाणी घरी नळाला रोज येत नाही, तिथं ते कारंजं कोरडंच राहणार हे नकाशा काढणाऱ्याला कसं कळलं नाही? हिरवळ आहे, तिच्यावर चालू नये अशी पाटी आहे. घसरगुंडी फायबरची, लाल-पिवळी. पहिल्या उन्हाळ्यात रंग उडाला, दुसऱ्यात कडा तडकल्या. खाली रेतीऐवजी गट्टूच. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण रात्री आठनंतर साडीचा पदर खोचून बायका त्यांच्यावर पाय हलवत, सुनांच्या कागाळ्या करत बसतात. कोणत्याही योजनेत इतका वापर झालेली दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

पैसा नसतो असं नाही. २०१५ च्या केंद्राच्या ‘अमृत’ योजनेत आमची दोन्ही शहरं होती आणि तिच्यात बगिचे, हरित जागांसाठी २.५ टक्क्यांपर्यंत निधीची सोय होती. जागाही आहे. गांधी-जवाहर बाग, नेहरू पार्क, नेहरू मैदान, ही आमच्याकडची नावंच सांगतात की मागच्या पिढीनं गावाच्या मधोमध जागा राखून ठेवल्या. जागा सुटली की परत मिळत नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला द्यायचा घाट १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं मोडला, म्हणून ती वाचली. आपल्याकडं जागा आहे, पैसा आहे, उणीव आहे ती मुलांकडं बघण्याची.

आल्डो व्हान आयक नावाच्या वास्तुशिल्पकारानं १९४७ पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये शेकडो क्रीडांगणं केली. युद्धानंतरचं शहर, पैशाची चणचण. त्यानं मोकळ्या पडलेल्या जागा घेतल्या आणि दिलं काय, तर रेतीचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला सिमेंटचे ठोकळे, बाकं आणि झाडं. बाकीचं मुलांवर सोडलं. यातली एकही वस्तू अकोल्यात मिळत नाही असं नाही. माझ्या नातवाला तर आजही फायबरच्या घसरगुंडीपेक्षा कुंपणाजवळ उरलेला रेतीचा ढीग आवडतो. बांधकामाचा उरलेला ढीग आहे तो, कोणाच्या नजरेतून सुटला म्हणून राहिला.

तुमच्या भागातल्या बगिच्याच्या कामाचा फलक लागला असेल तर तिकडं एकदा जाऊन या. कारंज्याच्या पैशात मुरूम आणि रेती मागा. घसरगुंडी आणि झुल्यांच्या पश्चिमेला कडुनिंब मागा. पहिल्या पावसात लावला, दोन-तीन उन्हाळे पाणी घातलं, की पुढं तो स्वतःचं स्वतः पाहतो. एप्रिल ते जून फाटक रात्री साडेदहापर्यंत उघडं राहील, दिवे चालू राहतील आणि किल्लीवाल्या मामांना त्या वेळेचा पगार मिळेल, असं लिहून घ्या. तोंडी सांगू नका, अर्ज द्या. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.