रंगाचा हिशेब

तीन पिढ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात आजोबांचा एक नेम असे. गिऱ्हाइकाने साडी पसंत केली, की ते गड्याला सांगत, "घडी उंबऱ्यात नेऊन उलगड." दिव्याखालचा रंग आणि उन्हातला रंग वेगळा असतो. तो फरक गिऱ्हाइकाने घरी जाऊन पाहण्यापेक्षा दुकानातच पाहिलेला बरा, हा त्यामागचा विचार.

नातू मोबाइलवरून साड्यांची छायाचित्रे परगावी पाठवू लागला, तेव्हा उंबराच उरला नाही. प्रत्येक छायाचित्र तो बोटाच्या एका स्पर्शाने उजळवी. रंग खुलत, मागणी वाढे. एके दिवशी जुन्या घरोब्याच्या कुटुंबाने लग्नासाठी मागविलेल्या सात साड्या परत आल्या. आमसुली रंग छायाचित्रात राणी झाला होता. सोबत चारच शब्दांची चिठ्ठी होती: "रंग तो नव्हे, शेठ." पैसे परत गेले. वडिलांनी नुकसान वहीत मांडले. जे वहीत मांडता येत नव्हते, त्याचीच त्यांना अधिक खंत होती.

नातवाने प्रथम महागड्या सॉफ्टवेअरची चौकशी केली. मग त्याच्या ध्यानात आले, की उत्तम साधन कोणते हा प्रश्नच नव्हे. आपले काम कोणते, हा प्रश्न आहे. त्याचे काम होते रोज चाळीस साड्यांचा खरा रंग दाखविण्याचे. साध्या बल्बचा पिवळा प्रकाश सुमारे ३००० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्विनचा. पांढरे म्हणजे काय, हे कॅमेरा अंदाजाने ठरवितो. चौकट एकाच रंगाच्या साडीने भरली, की तो अंदाज चुकतो. म्हणून त्याने दिवे कायमचे ठरविले. प्रत्येक खेपेला पहिल्या छायाचित्रात करडे कार्ड ठेवून, त्यावरून साधलेला समतोल तो सर्व चित्रांना एकदम लावू लागला.

चित्रण तो रॉ स्वरूपात करू लागला. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे मागाहून केलेली दुरुस्ती चित्राला बाधत नाही. २००७ साली आलेले लाइटरूम आणि विनामूल्य डार्कटेबल, दोन्ही मूळ फाइलला हात न लावता बदलांची नोंद वेगळी ठेवतात. त्याने डार्कटेबल निवडले. अखेरची प्रत एसआरजीबीमध्ये काढायची आणि प्रत्येक मोबाइलचा पडदा निराळा, म्हणून रंगाचे नाव शब्दांतही लिहायचे, असा त्याने नियम केला.

त्याच्या बहिणीला ही रीत नको होती. घरातील बारशा-वाढदिवसांच्या चित्रांना मोबाइलमधील साधे संपादन पुरेसे होते. तिने दोनच पथ्ये पाळली: मूळ चित्र पुसायचे नाही, आणि तीन प्रती, त्यांतील एक घराबाहेर, ठेवायच्या. लग्नसमारंभाच्या हजारो चित्रांना मात्र आधी निवड आणि मग संपादन हाच क्रम सोयीचा.

नव्या रीतीचे पहिले चित्र नातवाने आजोबांपुढे धरले. ते काही बोलले नाहीत. साडी आणि मोबाइल घेऊन उंबऱ्यात गेले, दोन्ही शेजारी धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आता पाठव."