डबल्सचं गणित

आपल्याकडे बॅडमिंटन म्हणजे सिंगल्स. प्रकाश पदुकोण, गोपीचंद, सायना, सिंधू... नावं कशी एकेकटी येतात! डबल्सवाल्यांची नावं विचारा, गाडी लगेच अडते. आपल्याला हीरो एकटाच लागतो ना! ऑफिसातही वेगळं काय आहे? प्रेझेंटेशन चौघांनी रात्र जागून केलेलं असतं, पण अप्रेझलच्या फॉर्मवर रकाना एकच : तुम्ही स्वतः काय केलंत?

म्हणूनच मला चिराग शेट्टी आवडतो. मुंबईचा मुलगा, जन्म १९९७चा. उदय पवारांच्या अकादमीत घडला, पुढे हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. मलेशियाचे कोच टॅन किम हर यांनी त्याची जोडी जमवली आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीशी. अगदी अरेंज्ड मॅरेज, बरं का! एक तेलुगू बोलणारा, दुसरा मुंबईचं हिंदी. शिवाय दोघंही उंच आणि दोघांनाही मागून स्मॅश हाणायची हौस. एका कोर्टवर दोन तोफा... नेटजवळ उभं कोण राहणार?

डबल्सची खरी मेख इथेच आहे. हल्ला करताना एक जण मागून स्मॅश मारतो आणि दुसरा पुढे राहून, कसंबसं परत आलेलं शटल टिपतो. बचावाची वेळ आली की दोघं शेजारी शेजारी. मागचा कोपऱ्यात ओढला गेला, तर पुढच्याने न सांगता जागा भरायची. याला म्हणतात रोटेशन. ज्याची त्याची जागा कायमची नसते, तर दर दोन सेकंदांनी बदलते. सात्त्विकच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये एका कसोटीत ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, गिनीजमध्ये नोंद झाली. आता विचार करा, असला माणूस तुमच्या पाठीमागून फटका मारणार आहे आणि तुम्ही मान वळवून बघायचंही नाही! हा भरवसा एका दिवसात येत नाही. दोघंही पुढचं काम शिकले, दोघंही मागचं शिकले.

आणि त्यांचा रस्ता काही गुळगुळीत नव्हता. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, गटातल्या तीनपैकी दोन मॅचेस जिंकूनही ते बाहेर पडले. त्यांनी हरवलेल्या तैवानच्या जोडीने पुढे गोल्ड मेडल घेतलं! एखाद्याने रॅकेट खुंटीला टांगली असती. पण मे २०२२ मध्ये बँकॉकला थॉमस कपच्या फायनलमध्ये हीच जोडी पहिला गेम हरून, मॅच पॉइंट्स वाचवून जिंकली आणि भारताने इंडोनेशियाला ३-० ने हरवून पहिल्यांदाच तो कप घेतला. २०२३ तर त्यांचंच वर्ष. दुबईत एशियन चॅम्पियनशिप. दिनेश खन्नांनी १९६५ मध्ये सिंगल्स जिंकल्यानंतर ५८ वर्षांनी भारताला मिळालेलं ते गोल्ड. मग इंडोनेशिया ओपन. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये गोल्ड, बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलंच. आणि लगेच वर्ल्ड नंबर वन.

पॅरिस ऑलिंपिक, २०२४. क्वार्टर फायनलमध्ये मलेशियाच्या ॲरन चिया आणि सो वुई यिक यांच्याविरुद्ध पहिला गेम २१-१३ असा आरामात घेतला आणि पुढचे दोन घालवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सात्त्विकचे वडील गेले. पुढच्याच महिन्यात ऑल इंग्लंडमध्ये चिरागची पाठ धरली आणि मॅच अर्ध्यात सोडावी लागली. डबल्सचा हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही : दुखणं एकाचं, पण कोर्टवरून बाहेर दोघं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वर्ल्ड चॅम्पियनशिपला, पुन्हा पॅरिस, पुन्हा क्वार्टर फायनल, पुन्हा समोर तेच मलेशियन! या वेळी मात्र सरळ दोन गेम्समध्ये जिंकले आणि ब्राँझ घेऊन आले.

रोटेशन हा प्रकार मला लहानपणापासून माहीत आहे. कारण मी औंढा नागनाथची. नाव सांगितलं की पुण्यातली माणसं विचारतात, 'ज्योतिर्लिंग ना?' हो, तेच. आमच्याकडे सांगतात, संत नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं. ते मुकाट मागे गेले, कीर्तन सुरू केलं आणि देऊळच फिरलं! नंदी राहिला मागच्या बाजूला. मागे गेलेला माणूस कमी ठरत नाही, हे आम्हाला आजीने असं शिकवलं.

आमच्या घरातही एक डबल्स चालू आहे. दोन वर्षांपूर्वी आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून मी पुण्यात पुढे आणि दादा औंढ्यात मागे. पगार, औषधांची बिलं, ऑनलाइन मागवलेली व्हीलचेअर हे माझं. आण्णांना उठवणं, बसवणं, आंघोळ, शिवाय सोयाबीन आणि हळद हे दादाचं. दोन वर्षांत तो एक रात्रही गावाबाहेर राहिलेला नाही. त्याला हर्नियाचा त्रास आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून कधीच सांगितलंय, पण त्यानंतर बरेच दिवस वजन उचलायचं नाही. मग आण्णांना उचलणार कोण? आधी हळद काढू दे, मग शिजवू दे, मग वाळू दे... ऑपरेशन पुढे पुढेच.

मागच्या महिन्यात मी त्याला फोन केला.

"दादा, तारीख घे. मी येते दोन-अडीच महिने. लॅपटॉप घेऊन."

"तुला नाही जमायचं ते. आण्णांना उचलून खुर्चीत बसवावं लागतं."

"मग शिकव की!"

"आणि तुझं प्रमोशन?"

प्रश्न बरोबर होता. या तिमाहीत टीम लीडची जागा निघणार आहे. घरून काम करायला परवानगी मिळाली, पण लीडला रोज ऑफिसात यावं लागेल, हेही गोड शब्दांत कळलं. म्हणजे ती खुर्ची दुसऱ्या कुणाची. वाईट वाटलं का? वाटलं ना! तीन वर्षं त्या खुर्चीकडे बघत काम केलंय मी. पण माझा पार्टनर कोपऱ्यात ओढला गेलाय आणि जागा मोकळी पडलीये. शटल काही थांबून विचारत नाही, की बाई, तुमचं अप्रेझल झालं का?

दादाच्या ऑपरेशनची तारीख मिळालीये. त्याआधी आठवडाभर तो मला शिकवणार आहे : आण्णांच्या काखेतून हात कसा घालायचा, आपला गुडघा कुठे टेकवायचा, आणि ते चिडले की काय बोलायचं नाही. दोन सिम कार्डं घेतलीत, घरात एकाची रेंज गेली तर दुसरं. गुरुवारच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलंय. जातानाचं तेवढं काढलंय, परतीचं दादा उठून चालायला लागला की बघू.