मिलान ते मिन्स्क, मार्गे नळ स्टॉप

‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या नावाचा सिनेमा असूच शकत नाही, असं आमच्यातल्या अर्ध्या लोकांचं ठाम मत होतं. उरलेल्या अर्ध्यांना ‘रोशेल, रोशेल’ कुठे पाहायला मिळेल याची काळजी लागली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात नळ स्टॉपला चहाच्या गाडीपाशी आमचं टोळकं जमायचं आणि आदल्या रात्री केबलवर लागलेल्या ‘साइनफेल्ड’ची चिरफाड करायचं. त्या मालिकेतली माणसं सारखी सिनेमाला जात, सिनेमावरून भांडत. त्यांच्या तोंडी येणारे सिनेमे खरे किती आणि लेखकांनी बसल्या बसल्या पाडलेले किती, यावर आमचे तास जात.

न्यूयॉर्कमधल्या चार रिकामटेकड्यांची ही मालिका. जेरी, जॉर्ज, इलेन आणि क्रेमर. जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिड या दोघांनी ती उभी केली, 5 जुलै 1989 ला ती एनबीसीवर सुरू झाली आणि 14 मे 1998 ला 180 भागांनंतर संपली. गोष्ट अशी फारशी नाहीच. एका अख्ख्या भागात यातले तिघं चिनी हॉटेलात टेबल मिळायची वाट बघत उभी असतात, का, तर पुढे ‘प्लॅन नाइन’चा खेळ गाठायचा असतो.

तर तो खरा निघाला. एड वुड नावाच्या दिग्दर्शकाने पन्नाशीच्या दशकात काढलेला, जगातला सर्वांत वाईट सिनेमा अशी कीर्ती मिळवलेला. त्यातला नट बेला लुगोसी मध्येच वारला, म्हणून दिग्दर्शकाने आपल्या बायकोच्या मणकेवैद्याला तोंडासमोर झगा धरून उभं केलं आणि चित्रीकरण पुढे रेटलं. असलं काही खरं असेल आणि ‘रोशेल, रोशेल’ खोटा, हे कोणाला पटणार? मिलानहून मिन्स्कला निघालेल्या तरुणीचा तो युरोपीय छापाचा सिनेमा आमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रकात सहज खपला असता.

खरं-खोटं करायचं तर साधन एकच, लेनर्ड माल्टिनचा जाडजूड मूव्ही गाइड. आमच्यातल्या एकाने तो फुटपाथवरून उचलला होता. त्यात ‘रोशेल’ सापडला नाही. पण ती आवृत्ती पडली जुनी, त्यामुळे न सापडण्यातून काहीच सिद्ध होईना. वाद आणखी महिनाभर चालला. शेवटचा शब्द असायचा तो लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयात नित्यनेमाने जाणाऱ्या एका थोराड मित्राचा. तो आधी चहा संपवायचा, मग बोलायचा. आणि त्याला माहीत नसलं की म्हणायचा, ‘बघण्यासारखा नाही.’

खरी गंमत ‘जेएफके’ची. ऑलिव्हर स्टोनचा हा सिनेमा अमेरिकेत डिसेंबर 1991 मध्ये लागला. त्यात केव्हिन कॉस्टनर भर न्यायालयात दाखवून देतो, की एकाच गोळीने केनेडी आणि गव्हर्नर कॉनली या दोघांना एवढ्या जखमा व्हायच्या तर तिला हवेत वळणं घ्यावी लागतील. दोन महिने उलटायच्या आत, 12 फेब्रुवारी 1992 ला, ‘साइनफेल्ड’ने हा प्रसंग उचलला आणि गोळीच्या जागी थुंकी घातली. बेसबॉलपटू कीथ हर्नांडेझ आपल्यावर थुंकला अशी क्रेमर आणि जेरीचा शेजारी न्यूमन यांची तक्रार. एकच थुंकी दोघांच्या अंगावर कुठकुठून उडाली असेल, याचं जेरी कॉस्टनरच्याच सुरात पृथक्करण करतो. फ्लॅशबॅकसुद्धा केनेडींच्या हत्येच्या त्या प्रसिद्ध हौशी चित्रफितीसारखा, थरथरता. त्यावर कडी अशी, की न्यूमन झालेला वेन नाइट मूळ सिनेमातही आहे, आणि तोही त्याच न्यायालयातल्या प्रात्यक्षिकात.

अमेरिकेतल्या प्रेक्षकाला हे आठवायचीही गरज नव्हती, सिनेमा थिएटरात चालू होता. आमच्यापैकी कोणीही ‘जेएफके’ पाहिलेला नव्हता. तरी आम्ही हसत होतो. काहीतरी फार गंभीर गोष्टीची टर उडते आहे, एवढं त्या स्वरावरूनच कळत होतं. सिनेमा बऱ्याच वर्षांनी पाहिला, तेव्हा तो गंभीर प्रसंग आमच्यासाठी आधीच कामातून गेलेला होता.

मला वाटायचं हे आमच्यासारख्या लांबच्या, उशिरा पोचणाऱ्या प्रेक्षकांचंच नशीब. पण आता सगळेच तसे झाले आहेत. नेटफ्लिक्सवर 1 ऑक्टोबर 2021 पासून सगळी मालिका आहे आणि माझ्या भाचीने ती एका उन्हाळ्यात फस्त केली. नंतर कधीतरी तिच्यासोबत ‘जेएफके’ लावला. न्यायालयाचा प्रसंग आला, आणि ती ओरडली, ‘मामा, हा तर न्यूमन!’ पुढची दहा मिनिटं केनेडींच्या हत्येला कोणी विचारलं नाही. तिच्या लेखी स्टोननेच साइनफेल्डवर बेतलेलं काहीतरी केलं होतं. नक्कल टिकते आणि अस्सल तळटीपेत जातं, हे या मालिकेबाबत सर्रास होतं. ‘शिंडलर्स लिस्ट’चा शेवट न पाहता त्याच्या विडंबनावर हसणारी पिढी आता नोकरीला लागली आहे.

भाचीला कोणताही संदर्भ अडत नाही. भाग चालू असतानाच तिच्या दुसऱ्या हातात उत्तर असतं. मला याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. न्यूमनच्या आवाजावरून माझं आणि एका मित्राचं जे वाजलं होतं ते तिने अर्ध्या मिनिटात निकालात काढलं असतं. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत. तो टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी धाडायचा. त्या एनटीएससी पद्धतीच्या, आपल्याकडचे व्हीसीआर पालवाले, म्हणून मल्टिसिस्टिम व्हीसीआरवाल्या ओळखीच्याकडे जाऊन, त्याच्या आईने केलेलं थालीपीठ खात त्या पाहायच्या. त्यात 1991 चा एक भाग होता. न्यूमन त्यात दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि तो वेन नाइटचा नव्हता. मित्राने हाच भाग केबलवर पाहिलेला, आणि तो शपथेवर सांगत होता की आवाज नाइटचाच. बोलणं बंद होण्यापर्यंत गेलं. दोघंही बरोबर होतो. मूळ प्रक्षेपणात तो आवाज खुद्द लॅरी डेव्हिडचा होता. पुनःप्रक्षेपणासाठी नाइटकडून तो नव्याने भरून घेतला गेला. जॉर्जच्या वडिलांचंही तेच. एका भागात आधी जॉन रँडॉल्फ होते, मग जेरी स्टिलर आल्यावर त्यांचे प्रसंग पुन्हा चित्रित करून चिकटवले.

काही भाग असे आहेत की ते नव्या मुलांना समजावून सांगावे लागतात, आणि तिथे विनोद नाही, जगणंच बदललेलं असतं. जॉर्ज वाचकमंडळात जातो, ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ ही ट्रुमन कपोटीची छोटी कादंबरी वाचायचा कंटाळा करतो आणि 1961 चा सिनेमा पाहून भागवायचं ठरवतो. व्हिडिओ लायब्ररीतली कॅसेट दुसऱ्या कोणी नेलेली. मग हा गृहस्थ त्या अनोळखी कुटुंबाच्या घरी जाऊन त्यांच्या सोफ्यावर बसून सिनेमा पाहतो. भाचीला यातला सोफा कळला, कॅसेट कळेना. एकच प्रत असते आणि ती बाहेर गेलेली असते, ही कल्पनाच तिच्या जगात नाही. दुसऱ्या एका भागात चौघं एकमेकांना शोधत थिएटरांमधून फिरतात आणि चुकामूक होत राहते. ‘फोन का नाही करत?’ असं तिने तीनदा विचारलं. उलट क्रेमरच्या नादाने जेरीला थिएटरात कॅमेरा लपवून ‘डेथ ब्लो’ची चोरटी प्रत काढावी लागते, तो भाग आम्हाला कोणी समजावून द्यावा लागला नव्हता. मधेच कोणीतरी उठून पडद्यासमोरून जातो अशा कॅमेरा प्रिंटवर आमची निम्मी हॉलीवूडविद्या पोसलेली.

एक शोध मात्र आमच्या टोळक्याचा अस्सल, आणि तो मी कोणालाही सोडून देणार नाही. नोव्हेंबर 1997 चा एक भाग उलटा चालतो, शेवट आधी, सुरुवात शेवटी. तो घडतोही भारतात, एका लग्नाच्या निमित्ताने. तो भारत आम्हाला काही ओळखू आला नाही ते सोडा. आमच्यातला प्रायोगिक नाटकवाला चहाचा पेला तसाच धरून म्हणाला, ‘नवऱ्या मुलाचं नाव काय रे?’ पिंटर. भागाचं नाव ‘द बिट्रेयल’. हॅरॉल्ड पिंटरचं 1978 चं त्याच नावाचं नाटक असंच मागे मागे जातं, 1983 मध्ये त्याचा सिनेमाही झाला. आम्ही अवाक. आज ही माहिती भागासोबतच येते, पण त्या सकाळी ती एका माणसाच्या डोक्यातून आमच्यासमोर निघाली होती आणि त्या दिवशीचा चहा त्याला आम्ही पाजला.

आजच्या चाहत्यांची नजर आमच्यापेक्षा तीक्ष्ण आहे हे कबूलच. जुन्या चौकोनी पडद्याची मालिका रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापली गेली, तेव्हा ‘द पॉटहोल’ या भागातल्या एका दृश्यातून ज्या खड्ड्याकडे जेरी आणि जॉर्ज बघत आहेत तो खड्डाच चौकटीबाहेर गेला, हे त्यांनी लगोलग पकडलं. आम्ही असं काही पकडलं असतं तर वर्षभर सांगत फिरलो असतो.

भाचीने मध्यंतरी सगळ्या खोट्या सिनेमांची यादी काढून विचारलं, ‘मामा, यातला एक खरा झाला तर कोणता बघशील?’ मी ‘सॅक लंच’ म्हणालो. इलेनला ‘द इंग्लिश पेशंट’ सोडून तोच बघायचा होता, आणि तिचं मत ऑस्करवाल्यांनी मानलं नाही. पेशंटला नऊ पुतळे मिळाले. ‘सॅक लंच’ची जाहिरात म्हणजे कागदी पिशवीत बसलेलं एक कुटुंब. ते कुटुंब आकसून पिशवीत गेलं की पिशवीच अवाढव्य होती, हा इलेनचा प्रश्न. भाचीचं म्हणणं, आकसून गेलं. माझं म्हणणं, पिशवी मोठी. फोन तिच्या हातातच आहे, पण त्यात याचं उत्तर नाही.